उलटे निजलेले बाबा

पोयेनित्सा, ईस्टरनंतरचा दुसरा मंगळवार

ती. लिओन्तिनाताईस,

ख्रिस्त उठला आहे! (यावरचं "खरोखर उठला आहे" तू तिकडे तुरिनला भांडी घासता घासता म्हणून टाक, मला पोचलं असं धरतो.) तुझे गुडघे कसे आहेत? तू सांभाळतेस ते आजोबा अजून चमचे फेकून मारतात का? इकडे सगळं ठीक. बाबांचंही ठीकच चाललं होतं, पण परवा त्यांच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणात घोटाळा उघडकीला आला.

झालं असं, की पाम्फिल सुतार कोबीच्या पानातल्या खिम्याची तिसरी बशी संपवून एकदम रडायलाच लागला. (आधी वाटलं, मिरची लागली.) दफनाच्या दिवशी पाऊस होता, म्हणून शवपेटीचं झाकण देवळातच ठोकलं. पाम्फिलच्या पेट्या दोन्ही टोकांना सारख्याच रुंद असतात (तासायचा कंटाळा), आणि डोक्याकडची खडूची खूण पावसात धुऊन गेली. दफनभूमीच्या फाटकापाशी खांदेकऱ्यांनी पेटी टेकवली, आलुबुखाऱ्याच्या दारूचा एकेक घोट घेतला आणि उचलली ती उलट्या टोकाने. पेटी खड्ड्यात उतरताना पाम्फिलच्या ते लक्षात आलं, पण चाळीस दिवस त्याची बोलायची छाती झाली नाही.

म्हणजे बघ, सगळं गाव पूर्वेकडे पाय करून निजलंय. शेवटच्या दिवशी हाक आली की उठून बसायचं, पूर्वेकडून येणारा प्रभू समोर. आपले बाबा मात्र प्रभूकडे पाठ करून उठणार! (तसं उलटं निजायचा मान पाद्र्यांचा, उठल्यावर कळपाकडे तोंड असावं म्हणून. त्यामुळे फादर आर्सेनींना ते जरा जास्तच लागलं.) तरी ते समजुतीनं म्हणाले, "अरे, मरण म्हणजे झोप. उठवणारा काय कूस बघून उठवतो?"

"ते खरं हो, फादर," पाम्फिल नाक पुसत म्हणाला, "पण पहिल्याच भेटीत पाठ दाखवायची म्हणजे..."

यावर फादरनाही पुढचा घास जाईना. शेवटी बाबांना उकरून सरळ करायचं ठरलं. त्यासाठी बिशपच्या कचेरीचा अर्ज लागतो, बायकोचा आणि प्रत्येक मुलाचा वेगळा, सही केलेला. आई तेव्हापासून गप्प आहे. तिच्याकडे बघवत नाही गं, खोटं कशाला सांगू. तुझा अर्ज सोबत जोडला आहे. सही करून लगेच पाठव.

तुझा भाऊ,
सान्दू

ता. क. सही करू नकोस. आईनं पत्र वाचलं आणि स्वतःचा अर्ज चुलीत घातला. पाम्फिलला मात्र इतक्यात कळवायचं नाही म्हणते. तो प्रायश्चित्त म्हणून आपलं कुंपण दुरुस्त करतोय आणि ते अजून अर्धंच झालंय.

आणखी एक. आईच्या कबरीसाठी राखलेली जागा बाबांच्या मागच्या रांगेत आहे, हे मी विसरलोच होतो. बाबा सरळ निजले असते तर उठल्यावर तिला त्यांची पाठच दिसली असती. ती तिनं शेहेचाळीस वर्षं पाहिली. आता दोघं समोरासमोर उठतील. ती म्हणते ते जसंच्या तसं लिहितो: "प्रभूला बघायला त्यांना सगळा अनंतकाळ पडलाय. आधी एकदा माझ्याकडे बघू देत."