सुन्नाने उत्तर दिले होते

प्रति,
मा. अभिलेखपाल,
बालशिक्षण संशोधन संग्रह,
शिक्षणशास्त्र विभाग

विषय : ध्वनिफितीतील माझी बहीण परत मिळणेबाबत.
संदर्भ : 'सहभागी व्यक्तीची लेखी संमती सादर करावी' हे आपले पत्र.

महोदया,

१. मी, माग्गा लेन्समन, सामी आदिवासी, राहणार तेनो नदीकाठ, उत्सयोकी, उत्तर फिनलंड, सविनय कळविते की सदर सहभागी व्यक्ती म्हणजे माझी धाकटी बहीण सुन्ना. वसतिशाळेत ही फीत झाली, त्याच हिवाळ्यात ती तेथेच तापाने वारली. ती आठ वर्षांची होती. तिची संमती आणणे मला शक्य नाही.

२. माझी नात ऐला शिक्षिका होण्यासाठी आपल्याकडे शिकते. सुट्टीत घरी आली असता मासे साफ करताना ती एक सूर गुणगुणू लागली. माझी सुरी थांबली.
"हा कुठून आणलास, पोरी?"
"वर्गातून, आजी. मागे पडलेल्या मुलांचा नमुना म्हणून लावतात. साहेब नाव विचारतात, तर पोरगी गातच सुटते! सगळे हसले."
"आणि तू?"
"मीसुद्धा."
मग ती पोरगी कोण होती ते मी तिला सांगितले. ती जेवली नाही.

३. आमच्यात प्रत्येकाचा स्वतःचा योइक, म्हणजे सूर, असतो. तो माणसावरचे गाणे नव्हे, तो माणूसच. गायला की माणूस आला. सुन्नाचा योइक आईने ती पाळण्यात असताना बांधला. ती गेल्यावर तिला निजू द्यावे म्हणून घरात तो कोणी गायला नाही. फीत करणारे साहेब फिनिशमध्ये बोलत होते. तिला त्यातले 'नाव' एवढेच कळले, आणि तिने नाव सांगितले. ऐला सांगते, फितीत पुढे साहेबांचा आवाज आहे : "उत्तर नाही. पुढची."

४. ही फीत लावतात तो तास मंगळवारी असतो. मंगळवारी आमचा कुत्रा उंबऱ्याशी जाऊन शेपूट हलवतो. दारात कोणी नसते. मी दार उघडेच ठेवते. घरात बर्फ येतो.

५. तरी फीत माझ्या स्वाधीन करावी. ती नष्ट मात्र करू नये, आत मूल आहे. नोंदीतील 'उत्तर नाही' हे शब्द खोडावेत. आणि निर्णय होईपर्यंत ती लावणार असाल त्या दिवशी मला वर्गात बसू द्यावे. तिला हाक मारली जाते तेव्हा तेथे न हसणारे एक तरी माणूस असावे. तास संपल्यावर मी तिला घेऊन बसने परत येईन.

आपली,
सुन्नाची थोरली बहीण
माग्गा लेन्समन
दि. ११ नोव्हेंबर २०१९

सोबत : चर्चमधील मृत्यूनोंदीचा उतारा.