झोपलेल्या पायावरची रेघ

अप्पा, तुमच्या डाव्या हातावरची निळी गाठ माझ्या बोटांना अजून आठवते. मनगटाच्या चार बोटं वर, चिंचोक्यापेक्षा थोडी मोठी, मऊ. मला शाळेत घालायची तुम्हाला घाई नव्हती. सहा वर्षांची होईपर्यंत तिरुवल्लिकेणीच्या घरातला स्वयंपाकघराचा उंबरा हीच माझी शाळा होती. आई मागे रसमला फोडणी देतेय, तुम्ही हात खाली सोडून बसला आहात आणि मी ती गाठ दाबते. ती नाहीशी होते. मी बोट काढते आणि ती पुन्हा भरेपर्यंत आपण दोघं मोजतो. मराठी आकडे मी असे शिकले. मग तुम्ही हात डोक्यावर धरता आणि विचारता, "आता?" आता ती भरत नाही. "का भरत नाही?" मी म्हणते, "रक्त खाली पळालं." तुम्ही आईकडे वळून म्हणता, "ऐकलंस? बँकेच्या डॉक्टरला हे कळायला दोन वर्षं लागली." आई म्हणते, "तिला आधी पाढे येऊ देत."

म्हणजे मला हे चौथ्या वर्षी ठाऊक होतं. पुढचं सांगताना ते बाजूला ठेवायची सोय मला नाही.

तुम्ही गेल्याला सतरा वर्षं झाली. मी आता मुलांच्या शस्त्रक्रियांचं शिक्षण घेते आहे. तुमच्यासारख्याच गाठी असलेली मुलं आमच्याकडे येतात. जन्मापासूनच शिरांचा एक गुच्छ चुकीचा विणलेला असतो आणि तो मुलाबरोबर वाढतो. कधी औषधाचं इंजेक्शन देऊन तो आकसवतात, कधी कापून काढतात. कापायचं ठरलं की आदल्या दिवशी मुलाला उभं करायचं, गुच्छ भरू द्यायचा आणि त्याच्या कडेने जांभळ्या शाईने रेघ मारायची. तपासणीच्या फिल्ममध्ये खोलवरचं दिसतं, पण कातडीलगतची कड ही रेघच सांगते. कारण टेबलावर मूल आडवं होतं, रक्त थांबवायला मांडीला पट्टा आवळला जातो, आणि जे कापायचं तेच रिकामं होऊन दिसेनासं होतं.

त्यातली एक मुलगी पाच वर्षांची होती. उजव्या पोटरीवर गुच्छ. शाळेत प्रार्थनेला उभी राहिली की पाय ठणकायचा. रेघ मारायचं काम माझ्याकडे होतं. मी गेले तेव्हा हाताला सुई लावताना रडून रडून ती नुकती झोपली होती. तिची आई पलंगाशी उभी होती. "उठवू का, डॉक्टरम्मा? आत्ताच डोळा लागलाय." मी म्हटलं, "राहू दे, झोपू दे तिला." आणि मी झोपलेल्या पायावर रेघ मारली. फार सुबक आली. तिच्या आईने हसून म्हटलं, "दारात कोलमची रांगोळी काढल्यासारखी." मला बरं वाटलं. त्या क्षणी मला तुमचा हात आठवला नाही, अप्पा. नंतर रोज आठवतो.

शस्त्रक्रिया त्या रेघेवर झाली आणि चांगली झाली. तीन महिन्यांनी तपासणीला ती स्टुलावर उभी राहिली, आणि टाक्यांच्या ओळीच्या वर, माझी रेघ जिथे संपली होती त्याच्या पलीकडे, हळूहळू निळं भरून आलं. मॅडमनी, म्हणजे आमच्या वरिष्ठ सर्जननी, दाबून पाहिलं आणि मला विचारलं, "उभं करूनच रेघ मारली होतीस ना?"

"हो, मॅडम."

इतकंच. मला विचार करायलाही वेळ लागला नाही. मॅडम तिच्या आईला म्हणाल्या, "अशा गाठी उरतात, परत येतात. कुणाचा दोष नसतो." ते खरं आहे. नीट रेघ मारूनही कदाचित थोडं उरलं असतं. मी खोटं बोलले नसते, तर त्या 'कदाचित'वर मला विसंबून राहता आलं असतं.

पण बाहेर व्हरांड्यात तिच्या आईने मला गाठलं. "डॉक्टरम्मा, माझ्यामुळे झालं. सासूबाई म्हणाल्या म्हणून शुक्रवारच्या न्हाणाला पायाला तिळाचं तेल चोळलं. आता त्याच म्हणतात, तू जोरात चोळलंस. नवराही काही बोलत नाही." मी म्हटलं, "तेलाने असं होत नाही." ती म्हणाली, "तुम्ही चांगल्या आहात, म्हणून असं सांगता."

आता तिची दुसरी शस्त्रक्रिया ठरली आहे आणि उद्या, सोमवारी, पुन्हा रेघ मारायची आहे. मी ते काम एका सहकाऱ्यावर ढकलून पाहिलं. पण तिच्या आईने मॅडमना सांगितलं, "त्या डॉक्टरम्माच हव्यात, पोरगी त्यांना घाबरत नाही." मॅडमनी दोन नव्या शिकाऊ डॉक्टर मुलींनाही माझ्याबरोबर धाडायचं ठरवलंय. "हिचं पाहून शिका, हिची रेघ चुकत नाही." मी मान डोलावली. शोळिंगनल्लूरच्या या फ्लॅटमध्ये सकाळपासून मी एका खोलीतून दुसरीत जाते आहे. आईने दोनदा विचारलं, काय हरवलंय?

मी सहा वर्षांची असताना तुम्ही बँकेतून एक पेन्सिल आणली होतीत, एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी. "माझा हात काढ," म्हणालात. दुपारी तुम्ही चटईवर पडला होतात, हात छातीवर. मी तो काढला. संध्याकाळी तुम्ही वही लांब धरून पाहिलंत. "हात सुरेख आहे. पण माझा नाही." मग विचारलंत, "मी झोपलो होतो तेव्हा काढलास का?" आणि माझ्या उत्तरानंतर पेन्सिल मला परत दिलीत, हात खाली सोडलात आणि गाठ भरेपर्यंत बसून राहिलात.

मॅडमना सांगायचं वाक्य मी या कागदाच्या मागच्या बाजूला लिहून पाहते आहे. मराठीत, कारण ही अक्षरं माझ्याकडे फक्त तुमच्याकडून आली आहेत आणि हॉस्पिटलात ती कुणालाच वाचता येत नाहीत. तीनदा लिहिलं. पहिल्यांदा "ती बिचारी दमून झोपली होती" असं झालं. 'बिचारी' खोडलं. दुसऱ्यांदा "तिच्या आईने उठवू का विचारलं" इथून सुरू झालं, म्हणजे दोष निम्मा तिच्यावर सरकला. तेही खोडलं. तिसरं वाक्य असं आहे: मी उभं करून रेघ मारली नव्हती, आणि मारली असं तुम्हाला सांगितलं. मॅडमनंतर हेच तिच्या आईलाही सांगावं लागेल, नाहीतर ती तेलाचं ओझं वाहत राहील. उद्या तोंडातून हे तिसरं वाक्य निघेल का, मला ठाऊक नाही.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून एवढंही लिहून टाकते. त्या संध्याकाळी तुमच्या प्रश्नाला मी "नाही" म्हणाले होते. "तुम्ही जागे होता," असंही म्हणाले होते. तेव्हा तुम्ही माझ्या हातातली पेन्सिल घेऊन दोन्ही टोकं पाहिली होतीत. निळं टोक कोरंच होतं, कागदाला न टेकलेलं.