बिल्ला क्रमांक सत्तावीस

मी, नीळकंठ गोविंदराव देवतळे, वय एकोणपन्नास, विमान दुरुस्तीचा तंत्रज्ञ, राहणार सोनागिरी, भोपाळ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझा ओठ फाटला आहे व एक दात पडला आहे. त्याचे कारण पुढे येईल. डोके ठिकाणावर आहे. उद्या सोमवारी मी पोलिस ठाण्यात हजर होणार आहे. आत गेल्यावर कंपनीची माणसे मला जिवंत ठेवतील याची खात्री नाही, म्हणून आजच लिहितो.

१. सोनागिरीचे घर पत्नी शशिकला हिचे. माझा धाकटा भाऊ बाळू भर जेवणात म्हणाला होता, "दादा, सही करून टाक, नेतागिरीने पोट भरत नाही." त्याला या घरात नेहमी जेवायला वाढावे. सल्ला विचारू नये.

२. भविष्य निर्वाह निधी शशिकला व मुलगी क्षितिजा यांना सारखा. क्षितिजाने शिक्षण सोडू नये.

३. माझी हत्यारपेटी माझा सहकारी विक्रांत ढोबळे याला. तो आज तुरुंगात आहे, माझ्यामुळे.

आमच्याकडे कामावर प्रत्येकाला आपल्या क्रमांकाचे पितळी बिल्ले असतात. फळीवरून पाना घेतला की त्या खिळ्यावर आपला बिल्ला टांगायचा. पाना परत आला नाही तर विमान हलत नाही, कारण तो इंजिनात राहिलेला असू शकतो. माझे पाच बिल्ले अठ्ठेचाळीस क्रमांकाचे. खंडेनवमीला ते घरी आणून देवापुढे ठेवले, पूजा केली आणि तिथेच विसरलो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कामावर गेलो तेव्हा विक्रांतने आपला सत्तावीस क्रमांकाचा एक बिल्ला मला दिला. म्हणाला, "घ्या दादा. पूजा तुमची, बिल्ला माझा."

कंपनीचे दिवाळे निघाल्यावर व्यवस्थापन एकेकाला बोलावून नोकरीचा करार सोडल्याच्या कागदावर सही मागत होते. तो करार कंपनीने कामगार संघटनेशी केलेला; संघटनेचा सचिव म्हणून त्यावर माझी सही आहे. आम्ही न्यायाधिकरणात गेलो. माझा वीस वर्षांचा जोडीदार हेमंत पाटणकर मात्र सही करून आला.

त्याच दिवशी, ३ ऑक्टोबरला, कंपनीने भाड्याने आणलेले रक्षक लाठ्या घेऊन फाटकातून घुसले. आमच्यातल्या एकाचा जबडा फोडला. झाडलोट करणाऱ्या मीनाबाईंना केस धरून फरफटत नेले. हेमंत बाजूला उभा राहून सांगत होता की सह्या करा, सुटाल. माझ्या हातात विक्रांतचा बिल्ला टांगून घेतलेला पाना होता. मारायचेच होते तर समोर रक्षक होते. मी हेमंतला मारले, बाजूने, त्याला दिसू न देता. त्याचा डावा डोळा गेला. मी रोज नामस्मरण करतो. पाना खाली आला तेव्हाही ओठांवर नाम होते. याची शिक्षा देवाने ठरवावी, मी गाऱ्हाणे करणार नाही.

रक्ताळलेला पाना सापडला. त्याच्या खिळ्यावर सत्तावीस क्रमांकाचा बिल्ला होता. पोलिसांनी विक्रांतला नेले. तुरुंगात भेटलो तेव्हा त्याचा हात मोडलेला होता. म्हणाला, "दादा, तोंड उघडू नका. कराराची साक्ष तुमची आहे. तुम्ही आत आलात तर चारशे घरं रस्त्यावर येतील." मी ऐकले, कारण ते मला सोयीचे होते. ९ जानेवारीला माझी साक्ष पूर्ण झाली. आता सबब उरलेली नाही.

४. देवघरातले माझे पाचही बिल्ले मी उद्या सोबत नेत आहे. त्या दिवशी यातला एकही फळीवर नव्हता, पाना मी विक्रांतच्या बिल्ल्यावर घेतला होता, हे पोलिसांनी मोजून घ्यावे.

५. माझ्या प्रेतावर व्यवस्थापनाचा हार पडू देऊ नये.

६. हेमंतला काय द्यावे ते मला सुचले नाही. काल साकेत नगरला त्याच्या घरी जाऊन सगळे सांगितले. त्याने तांब्या उचलून माझ्या तोंडावर घातला, दोनदा. मी हात वर केला नाही. शेवटी त्याच्या पत्नीने, मालतीवहिनींनी, तांब्या हिसकावून घेतला. तो धापा टाकत बसून राहिला. मी म्हणालो की मृत्युपत्राला साक्षीदार हवेत, कोणाला विचारू.

तो म्हणाला, "कागद आण. सही करायची सवय आहेच मला. पण वाचून दाखव. मागच्या वेळी न वाचता केली होती."

आज तो माझ्या समोर बसला आहे. कलम एकपासून वाचून दाखवले. तिसऱ्या कलमाला थांबवून त्याने ते पुन्हा वाचायला लावले.

नीळकंठ गोविंदराव देवतळे (सही)

साक्षीदार:
१. वैजयंती सोमलवार, शेजारी, सोनागिरी (सही)
२. हेमंत पाटणकर, साकेत नगर. सर्व ऐकले. खरे आहे. विक्रांतला सोडा. (सही)

भोपाळ, १८ जानेवारी २०२६