फळीवरची नवरी

मी, डॉ. पद्माकर विनायक खांबेटे, वय त्र्याहत्तर, निवृत्त भूलतज्ज्ञ, राहणार किलकेनी, आयर्लंड, कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. उजवा हात थरथरतो, म्हणून अक्षर वाईट आहे. त्याचा डॉक्टरकीशी संबंध नाही. यापूर्वीचं मृत्युपत्र मी रद्द करतो. ते रागात केलं होतं.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझी मुलगी चित्रा हिला. माझी पत्नी लता हयात असती तर हे कलम तिने सांगितलं असतं आणि मी फक्त सही केली असती.

२. जपानी लोक देवळात नवस बोलताना लहान लाकडी फळी टांगतात, तिला एमा म्हणतात. पुढे चित्र, मागे मागणं. निवृत्तीनंतर मी पुस्तकं मागवून जुन्या एमांच्या नकला हाताने रंगवू लागलो. लता म्हणायची, गणपती काढायला काय झालं होतं? जिन्यात टांगलेल्या या सगळ्या फळ्या चित्राचा मुलगा ध्रुव याला. त्याच्या ड्रायव्हिंग टेस्टसाठी मी घोडा काढला होता. तिसऱ्या खेपेला पास झाल्यावर तो म्हणाला, "स्लो हॉर्स, आबा. बट ग्रँड." मागची मागणी मराठीत आहेत. त्याला मराठी कळतं, वाचता येत नाही. चित्राने ती वाचून दाखवावीत.

३. रंग, कुंचले आणि रंगात घालायचा सरस हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलांखाली आहेत. तेही ध्रुवला. सरस जनावराच्या कातड्यापासून करतात, हे मी शाकाहारी लताला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

४. पुण्याच्या फ्लॅटमधला माझा हिस्सा मी भाऊ प्रताप याला सोडतो. माझा मुलगा हृषीकेश मेनूथच्या विद्यापीठात संशोधन करत होता. सहा वर्षांपूर्वी घरी येताना बर्फावर गाडी घसरली आणि तो गेला. एकोणतीस वर्षांचा होता. तेराव्याला प्रताप फोनवर म्हणाला, "पद्मा, पोरगा लग्नावाचून गेला रे. अर्धवट राहिला." प्रेमाने म्हणाला असेल. मी त्यानंतर त्याच्याशी बोललो नाही. लता वर्षभरात गेली, तेव्हाही नाही. पुढचं सगळं त्या वाक्यावरून सुरू झालं, पण दोष माझा आहे.

५. जपानच्या उत्तरेकडे, अविवाहित गेलेल्या मुलाचे आईबाप त्याच्या लग्नाचं चित्र काढवून देवळाला वाहतात. तशाच एका जुन्या चित्राची मी मोठ्या फळीवर नक्कल केली. नवरदेवाला हृषीकेशचा चेहरा दिला आणि नवरीला सानिकाचा. तिच्याशी त्याचं लग्न ठरलं होतं, हॉलसुद्धा घेतला होता. मला दुसरा चेहरा सुचलाच नाही. रंग वाळल्यावर पुस्तकाचं शेवटचं पान वाचलं. नवरी कल्पनेतलीच हवी, जिवंत मुलीचा चेहरा कधीही देऊ नये. गेलेला तिला बोलावून नेतो, अशी तिथली समजूत. औषधाचा कागद आधी वाचा, म्हणून मी जन्मभर रुग्णांना दटावलं.

चेहरा त्याच दिवशी खरवडता आला असता. पण त्याच आठवड्यात सानिकाच्या लग्नाची पत्रिका आली. मुलाचं नाव विवेक. मी लग्नाला गेलो नाही आणि चेहराही तसाच ठेवला. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, असं स्वतःला सांगत राहिलो. विश्वास नव्हता, तर खरवडायला हरकत काय होती? मला ती सुखात बघवत नव्हती. लिहिताना लाज वाटते, पण मृत्युपत्रात खोटं लिहू नये.

गेल्या हिवाळ्यात बाळंतपणात फार रक्त गेल्यामुळे सानिका दोन दिवस बेशुद्ध होती, हे चित्राकडून कळलं. माणसांना झोपवून परत आणणं हे माझं काम होतं. मी ब्लेड घेऊन फळीसमोर बसलो, पण हात असा हलत होता की हृषीकेशचाही चेहरा गेला असता. ती शुद्धीवर आल्याचा फोन येईपर्यंत तसाच बसून रडलो.

मार्चमध्ये ती बाळाला घेऊन भेटायला आली. मी फळी तिच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. ती फळीजवळ सरकली. मग म्हणाली, "काका, तो एकटा राहू नये असं मलाही वाटतं. पण मला जाऊ द्या." तिने माझं मनगट घट्ट धरलं आणि मी ब्लेड चालवलं. त्या जागी आता कोरं लाकूड आहे. तिथे कोणी काही रंगवू नये.

६. हृषीकेशला नेलं होतं त्याच, रिंगास्किडीजवळच्या दहनगृहात मला न्यावं. फळी माझ्या छातीवर ठेवावी. ती त्याच्याकडे मी घेऊन जाईन.

७. सानिकाला मी काहीही देत नाही. लताने सुनेसाठी ठेवलेल्या मोत्यांच्या बांगड्या तिच्या नावे लिहिणार होतो, आणि साक्षीलाही मला तीच हवी होती. वकील म्हणाले, ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, दोन्हींतलं एक ठरवा. मी तिलाच विचारलं. तिने बांगड्या डबीत परत ठेवल्या आणि पेन मागितलं. बांगड्या चित्राला.

किलकेनी, १२ एप्रिल २०२५

पद्माकर विनायक खांबेटे

डॉक्टरांनी ही सही आम्हा दोघींच्या देखत केली.

साक्षीदार:
१. नोरा ब्रोफी, शेजारीण
२. सानिका विवेक दाबके, डब्लिन. सही काकांचीच आहे. मनगट मी धरलं होतं.