दहा मिनिटं पुढे

तीर्थरूप बाबा,

तुम्हाला नमस्कार, आणि तुमच्या डोळ्याला लावलेल्या भिंगालाही.

मी मजेत आहे. पेपरात आमच्या कारखान्याची बातमी आली असेल, ती वाचून दाखवून आईला घाबरवू नका. माणसं कमी केली हे खरं आहे. आमच्या विभागातली नऊ गेली. मी आहे, आणि का आहे ते ऐका.

मी घरून निघताना तुम्ही दुरुस्त करून दिलेलं गजराचं घड्याळ माझ्या उशाशी असतं. तुमच्या सवयीप्रमाणे ते दहा मिनिटं पुढे आहे, हे पक्कं ठाऊक असूनही मी रोज फसते आणि धावत सुटते, अगदी आपल्या घरी सगळे धावायचे तशी! त्यामुळे रोज दारात पहिली मीच. म्हणून कुलपाची किल्ली माझ्याकडे आली. साहेब म्हणाले, "हिला काढलं तर सकाळी दार कोण उघडणार?"

रविवारी शेजारच्या काकूंचं घड्याळ उघडलं होतं. चालू झालं, पण एक स्क्रू उरला. चालतं का हो असं?

गुडघा काय म्हणतो? जिना उतरताना कठडा धरता ना?

आई लिहिते की, आता घरात कुणालाच कुठे जायची घाई नाही, म्हणून तुम्ही भिंतीवरचं घड्याळ बरोबर लावणार आहात. लावू नका, बाबा. पुढच्या महिन्यात मला रजा मिळाली आहे. परत निघायच्या दिवशी ती दहा मिनिटं मला तुमच्याजवळ बसायला हवीत.

तुमची,
धांदरट धाकटी