शेवटचं पान

इंदूर, मार्च १९९२

दादा,

जय भीम. तू सुरतेला गेलास आणि तुझ्या भुऱ्या कुत्र्याला माझ्या गळ्यात बांधलंस, ते चाललं असतं. पण मिलमधून आल्यावर त्याला शेजारी बसवून पुस्तक मोठ्याने वाचायची सवय कशाला लावलीस? मिल बंद झाली, पण त्याची सवय सुटली नाही. भाकरी दुधात कुस्करून दिली तरी वाचल्याशिवाय तोंड लावत नाही. ऑफिसातून दमून येते आणि कुत्र्यापुढे वाचत बसते. शेजारच्या द्वारकाबाई विचारतात, "काय री, त्याला बी.ए. करवून सोडशील क्या?"

आणि पुस्तकं तरी कसली. सियागंजच्या रद्दीतली, सगळी कुत्र्यांचीच. मेंढपाळाचा कुत्रा, बर्फातला कुत्रा. वाचण्यात रंगावं, तर शेवटचं पान फाडलेलं. सगळ्याच पुस्तकांचं. आई म्हणाली, "त्यानेच फाडलीत. शेवटी कुत्रा मरतो ना. भुऱ्यासमोर कसं वाचू, म्हणायचा."

चाळिशीचा माणूस तू. मग चिडून शेवट मीच रचायला लागले. माझ्याकडे सगळे कुत्रे घरी परततात.

खोली मिळाली की भुऱ्याला घेऊन जाईन, असं तू लिहिलंस. परवा मी मेंढपाळाच्या कुत्र्याला घरी पोचवलं, तेव्हा तो माझ्या पायावर डोकं ठेवून ऐकत होता. पुस्तक मिटलं तरी उठला नाही. हलवलं, तरी नाही.

आता तूच सांग, हे तुला कसं कळवू? आधीचं पान टपालात टाकते. हे शेवटचं फाडून ठेवते.

तुझी,
धम्मदीना