धोंडप्पांच्या खिळ्याच्या गोळ्या

तेर, माघ वद्य पंचमी, शके १८६५

श्रीमान गुंडप्पा यांस, मुक्काम मुरूम,

सिद्धलिंगय्याचे शरणु शरणार्थी. (तुम्ही आता वरपिता झालात म्हणून एवढी ओळ अदबीची. पुढं तू म्हणजे तूच.)

तुझा डावा गुडघा कसा आहे? मागं पाठवलेलं तेल गुडघ्याला चोळायचं होतं; तू ते भाकरीवर घेतलंस असं प्रेमाबाई वहिनींच्या निरोपावरून कळलं. गुण आला असेल तर कळव, म्हणजे इथल्या रोग्यांनाही मी भाकरीवरच देईन. इकडं सर्व क्षेम. पत्रास कारण असं काही नाही. तुझे होणारे व्याही धोंडप्पा ठणठणीत आहेत, फक्त त्यांच्या पिस्तुलाच्या गोळ्या जगात कुठं मिळेनाशा झाल्यात आणि तुझ्या मुलाचं लग्न त्या गोळ्यांवाचून अडलंय, एवढंच.

त्या घराची रीत तुला ठाऊक नसेल. मुलीच्या डोक्यावर अक्षता पडल्या की त्याच क्षणी बापानं अंगणात पिस्तुलाचा बार काढायचा. धोंडप्पांच्या वडिलांनी एका रेल्वेच्या सायबाला घरच्या तुपाची चटक लावली होती. जाताना सायबानं तुपाच्या मोबदल्यात ते पिस्तूल दिलं. (परवाना आहे. तो उर्दूत आहे आणि त्यात काय लिहिलंय ते फक्त परवान्यालाच माहीत.) त्याच्या गोळ्या जुन्या तऱ्हेच्या, प्रत्येकीच्या बुडाशी बाजूला एक खिळा. घोडा खिळ्यावर आपटला की बार. ही तऱ्हा विलायतेनं कधीच टाकून दिली, पण विलायतेनं धोंडप्पांना विचारलं नव्हतं.

त्या गोळ्यांचा विषय निघाला की धोंडप्पांचा आवाज ओला होतो. तांबडा पुठ्ठ्याचा डबा, आत पेढ्यांसारखी मांडलेली रास, पितळेचा रंग, बारानंतरचा वास. आताच्या गोळ्या म्हणजे नुसते फुटाणे, त्यांना ना खिळा ना खानदान, असं ते म्हणतात. शास्त्रात विरहाच्या दहा अवस्था सांगितल्यात. धोंडप्पा स्मृती आणि गुणकथन ओलांडून प्रलापापर्यंत आले आहेत. पुढची अवस्था उन्मादाची, आणि पिस्तूल त्यांच्याच हातात आहे.

डब्यात मूठभर गोळ्या उरल्यात. पण त्या धाकट्या शिवकांताच्या, म्हणजे तुझ्या सुनेच्या, लग्नात संपल्या तर नातींचं काय, म्हणून नवा डबा आणायला मला सोलापूरला धाडलं. (काशीत व्याकरण शिकलो, ते शेवटी बंदुकीच्या दुकानात उपयोगी पडावं म्हणून.) नमुन्याला एक गोळी कनवटीला दिली. दुकानदारानं ती उलटीपालटी केली, वास घेतला, भिंग लावलं, आणि ही गोळी माझ्या आज्यानं विकली असेल, मी तर पहिल्यांदाच बघतोय, असं सांगून मला चहा पाजला. लढाईमुळं साधी काडतुसंसुद्धा मिळत नाहीत, तिथं ही कुठली. चहा मात्र चांगला होता.

परत येताना तामलवाडीच्या नाक्यावर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, जवानानं झडती घेतली आणि गोळी सापडली. इंग्रजी हद्दीतून काडतूस आणणारा जंगम म्हणून मी मनातल्या मनात तुरुंगात जाऊन बसलो. पण गोळीवर हळदीकुंकवाचा जाड थर होता. जवानानं ती तळहातावर घेऊन हळूच विचारलं, "स्वामीजी, ये कौन से देव हैं?" मी म्हणालो, "जरा कडक आहेत. आवाहन केलं तरच प्रकट होतात." त्यानं गोळी डोळ्यांना लावली आणि माझ्या झोळीत ठेवली. मी खोटं काही बोललो नाही, हे तू ध्यानात घे.

हळदीकुंकवाचा खुलासा घरी आल्यावर झाला. नवा डबा नाही म्हटल्यावर धोंडप्पांनी जुन्यांतली एक वाजवून बघायचं ठरवलं. गल्लीनं कान झाकले. घोडा पडला, 'टिक' झालं. दुसरी घातली, पुन्हा 'टिक'. तिसरीतून दह्यासारखं काहीतरी ओघळलं. तेव्हा त्यांच्या बायकोनं, गंगम्मांनी, शांतपणे सांगितलं की दर खंडेनवमीला पिस्तुलाबरोबर गोळ्यांनाही त्या पंचामृतानं न्हाऊ घालतात; दूध, दही, तूप, मध, साखर, वर हळदकुंकू, सगळं यथासांग. धोंडप्पा ओरडले की दारूगोळा भिजवतात का कुठं. त्यावर गंगम्मा म्हणाल्या, "मग तुमी दरसाल हात जोडून हुबं ऱ्हायचा ते काय बघत हुता? डोळे मिटून?"

डोळे मिटूनच उभे राहायचे ते. मीही शेजारी मंत्र म्हणत असायचो.

आता धोंडप्पा हटून बसलेत की बार नाही तर अक्षता नाही. थोरल्या दोघींना वाजवला, धाकटीला मुक्यानं कसं धाडू, म्हणतात. मी उखळी बार सुचवला. "उखळी देवाला उडवत्यात. माझी पोरगी काय जत्रा हाय?" तुझी होणारी सून दाराआड होती. ती मला म्हणाली, "स्वामी, नवरा घोरतो का तेवढं इचारा. आवाजाची सोय तिकडंच व्हईल." मी विचारत नाही. तुझा मुलगा आहे म्हटल्यावर उत्तर मला माहीत आहे. पण हसून झाल्यावर ती डोळे पुसत आत गेली, तेही मी पाहिलं.

बाकी विशेष नाही. वहिनींस आशीर्वाद. तेल गुडघ्याला.

तुझा,
सिद्धलिंगय्या

ता. क. : कारण नाही असं वर लिहिलंय ते सोड. तू वरपक्ष आहेस, तुझा शब्द त्यांना मोडता येत नाही. आमच्या घराण्यात लग्नात बार काढणं अशुभ मानतात, असा निरोप तातडीनं पाठव. तुमच्यात तसं काही नाही हे मला माहीत आहे. आजपासून असू दे.

पुन्हा ता. क. : पाकीट चिकटवताना धोंडप्पा आले आणि कुणाला लिहिताय म्हणून बसलेच. सगळं वाचून दाखवावं लागलं, ता. क. सकट. फुटाण्यांना फुटाणे म्हटलं ते बरोबर लिहिलंत, एवढं म्हणाले. उठताना दारात थांबून म्हणाले, "व्याह्यांना म्हणावं, निरोप जरा कडक धाडा. मऊ निरोपाला धोंडप्पा वाकला असं गावात हूता कामा नये. आन् फाल्गुनाच्या आत धाडा. पोरगी जेवंना झालीया."